परसातील बिऱ्हाडकरू

घराच्या पुढील अंगणाला जो मान मिळतो, तो मागील परसाच्या वाट्याला सहसा येत नाही. अंगणात सडा पडतो, रांगोळी उमटते, आणि आलेला पाहुणा प्रथम तेथेच विसावतो. परसात मात्र भांडी घासली जातात, सांडपाण्यावर आळू आणि केळी वाढतात, सरपण रचलेले असते, आणि कोणी मुद्दाम न लावलेली चार झुडपे आपल्या मनाप्रमाणे फोफावत असतात. परंतु बालमित्रांनो, ज्यांना जागेची खरी पारख आहे, असे काही बिऱ्हाडकरू अंगण सोडून या परसाचीच निवड करतात. ते भाडे देत नाहीत, परवानगी विचारत नाहीत, आणि महिना-दीड महिना राहून, निरोप न घेताच निघून जातात. आपल्या परसात घरटी बांधणारी रानपाखरे हेच ते बिऱ्हाडकरू होत.

परसच त्यांना का आवडावे, याचा विचार केला म्हणजे पाखरांच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. सांडपाण्यामुळे तेथे बारमाही ओल असते. ओलीच्या जागी किडे आणि अळ्या विपुल. झुडपे कातरलेली नसतात, म्हणून आडोसा दाट. नारळाचा काथ्या, गादीतून निघालेला कापूस, कोनाड्यातील कोळिष्टके असे सामान हाताशी, म्हणजे चोचीशी, तयारच असते. शिवाय माणसाच्या वावरामुळे रानातले कित्येक शत्रू तेथे यायला बिचकतात. मांजर मात्र बिचकत नाही. तिच्याविषयी पुढे सांगेन.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरटे म्हणजे पाखरांचे राहते घर, अशी आपली समजूत असते. चित्रांच्या पुस्तकांत तर रात्री सारे कुटुंब घरट्यात झोपलेले दाखवितात. वस्तुतः बहुतेक पाखरे वर्षातील कितीतरी महिने घरट्यावाचूनच राहतात आणि रात्री फांदीवर किंवा दाट पाल्यात झोप घेतात. घरटे हा त्यांचा पाळणा आहे. अंडी घालण्याची वेळ आली की तो बांधायचा, आणि पिल्ले उडाली की सोडून द्यायचा.

ही वेळही वाटेल तेव्हा येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्याच्या आरंभापासून पावसाळा सरेपर्यंत निरनिराळ्या पाखरांच्या विणीचा हंगाम चालू असतो. त्याचे कारण पिल्लांच्या पोटात दडलेले आहे. चिमणी दाणे टिपते, बुलबुल फळे खातो. परंतु दोघांच्याही कोवळ्या पिल्लांना ते अन्न पुरेसे होत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या त्या जिवांना मऊ अळ्या आणि किडे लागतात. पहिल्या पावसानंतर झाडांना नवी पालवी फुटते, पालवीवर अळ्या येतात, आणि नेमक्या त्याच सुमारास कित्येक घरट्यांतून पिल्लांच्या चोची उघडतात.

कोकणातील आमच्या घराच्या परसात एका वर्षी लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने बिऱ्हाड थाटले होते, त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. कारण हा पक्षी तुम्हांपैकी बहुतेकांच्या घराजवळ असेल. डोक्यावर काळा तुरा, अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी आणि शेपटीच्या बुडाशी लालभडक ठिपका, एवढ्या खुणा त्याला ओळखण्यास पुऱ्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरील जास्वंदीत, पुरुषभर उंचीवर, या जोडीने आपली जागा नक्की केली. माझ्या नातीने लगेच एक वही केली, आणि जे दिसेल ते तारीख-वेळ घालून लिहून ठेवण्याचा नेम धरला. पाहण्याची जागा ठरली ती स्वयंपाकघराची खिडकी. जास्वंदीजवळ कोणीही जायचे नाही, असे आम्ही आपसांत ठरविले.

चार-पाच दिवसांत वाटीच्या आकाराचे घरटे तयार झाले. बाहेरून बारीक काटक्या, आतून मऊ मुळ्या आणि तंतू, आणि सारे एकत्र आवळून धरण्यासाठी कोळ्याचे जाळे. कोळ्याच्या जाळ्यावाचून लहान पाखरांचे घरटे सहसा पुरे होत नाही. ते चिकट असते, ताणले तरी तुटत नाही, आणि पिल्ले वाढू लागली की घरट्याच्या भिंतीला किंचित सैल होऊ देते. आपण झाडूने काढून टाकतो, ती कोळिष्टके म्हणजे पाखरांचा चुना आणि सिमेंट होय.

मग रोज एक याप्रमाणे अंडी आली. बुलबुलाची अंडी फिकट गुलाबी असून त्यांवर तांबूस ठिपके असतात. एका वेळी बहुधा दोन किंवा तीन. लहान पाखरांपैकी पुष्कळांची रीत अशी, की सर्व अंडी घालून होईपर्यंत ती नेटाने उबवायला बसत नाहीत. त्यामुळे अंडी मागेपुढे घातलेली असली तरी पिल्ले साधारण एकाच वेळी बाहेर येतात. अंड्यांना ऊब मिळते ती पिसांतून नव्हे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पिसे तर ऊब आत कोंडून ठेवतात. म्हणून या दिवसांत उबवणाऱ्या पाखराच्या पोटावरील पिसे गळून पडतात आणि तेथील उघडी, उष्ण कातडी अंड्यांना टेकते. मधूनमधून पाखरू चोचीने अंडी फिरवून घेते. सर्व बाजूंनी ऊब लागावी आणि आतील जीव कवचाला चिकटून राहू नये, म्हणून ही खटपट.

आमच्या जोडीची अंडी मात्र उबली नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी एक भारद्वाज कुंपणाच्या कडेने सावकाश चालत आला, जास्वंदीत शिरला, आणि दोन्ही बुलबुल आकांत करीत असताना त्याने घरटे रिकामे केले. माझी नात काठी घेऊन धावली. पण ती पोहोचण्यापूर्वीच सारे आटोपले होते. ती रडवेली होऊन म्हणाली, “आजोबा, भारद्वाज दिसला की शुभशकुन झाला, असे तुम्हीच म्हणता ना? मग त्याने असे का केले?”

मी म्हटले, “बाळ, शकुन आपण ठरविलेला, तो त्याच्या गावीही नाही. त्यालाही भूक आहे, आणि बांबूच्या बेटात कोठे तरी त्याचीही पिल्ले असतील.”

तिचे समाधान झाले नाही, आणि व्हावे अशी माझीही अपेक्षा नव्हती. दोन दिवस तिने वही उघडली नाही. लहान पाखरांच्या घरट्यांपैकी पुष्कळशी अशीच लुटली जातात. कावळा, भारद्वाज, साप, सरडा, मांजर यांपैकी कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीस ती पडतात. पाखरांनी हे धरूनच चाललेले असते, असे म्हणावे लागते. कारण आठवड्याभरातच त्याच जोडीने कागदी लिंबाच्या काटेरी झुडपात दुसरे घरटे बांधावयास घेतले. वही पुन्हा उघडली गेली.

या खेपेला सुमारे चौदा दिवसांनी पिल्ले बाहेर आली. कवच फोडण्यासाठी पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक इवलासा टणक उंचवटा असतो. काम झाले की तो पुढे नाहीसा होतो. नुकते जन्मलेले बुलबुलाचे पिल्लू दिसायला मुळीच सुंदर नसते: अंगावर पिसे नाहीत, डोळे मिटलेले, मान डुगडुगणारी. फक्त तोंड मात्र विलक्षण मोठे. घरट्याला थोडा धक्का लागला की आई आली असे समजून ती तोंडे एकदम वर उघडतात. आतील तो भडक रंग पाहिला की आईबापांना घास भरविल्यावाचून राहवत नाही. पहाट झाल्यापासून दिवस मावळेपर्यंत नर आणि मादी अळ्या, नाकतोडे, पतंग आणून भरवीत असत. खेपा मोजायला नातीच्या हातांची बोटे पुरेनात, तेव्हा तिने वहीत रेघा ओढण्यास सुरुवात केली.

भरविण्याइतकेच दुसरे एक काम आईबाप दक्षतेने करतात. पिल्लांची विष्ठा एका पातळ पांढऱ्या पिशवीत बांधल्यासारखी बाहेर येते. ती चोचीत उचलून दूर नेऊन टाकतात, किंवा पिल्ले अगदी लहान असताना गिळूनही टाकतात. आपल्याला हे किळसवाणे वाटेल. परंतु घरट्याखाली पांढरे डाग दिसू लागले, तर शत्रूला पत्ताच कळविल्यासारखे होईल.

बारा दिवसांच्या आत-बाहेर पिल्लांना पिसे फुटली, आणि एके सकाळी ती एकामागून एक लिंबाच्या फांदीवर येऊन बसली. त्यांना धड उडता येत नव्हते आणि शेपट्या आखूड होत्या. पुढेही कित्येक दिवस आईबाप त्यांना भरवीतच होते; परंतु घरट्याकडे मात्र कोणीही परतले नाही.

बुलबुलाचे घरटे साधे, तर शिंप्याचे कसबी. शिंपी हा बोटभर लांबीचा, पाठीवर हिरवट आणि डोक्यावर तांबूस असा चिमुकला पक्षी आहे. त्याचा आवाज मात्र देहाच्या मानाने फार मोठा. रुंद पान मिळाले तर त्याच्या दोन्ही कडा जवळ आणून, आणि पाने लहान असली तर दोन-तीन पाने जोडून, तो चक्क द्रोणासारखी पिशवी शिवतो. हे शिवणकाम मादी करते. ती चोचीने पानाच्या कडेला भोक पाडते, त्यातून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवते, आणि पलीकडच्या कडेत खोचते. धाग्याला गाठ मारलेली नसते. भोकाबाहेर आलेले टोक पिंजले जाऊन फुगते, आणि त्यामुळेच तो मागे सरकत नाही. पान झाडावरून तोडलेले नसल्यामुळे हिरवेच राहते, आणि हातभर अंतरावरूनही त्यात घरटे आहे हे ओळखू येत नाही.

शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, आपले घरटे लोंबते ठेवतो. परसातील दोरीच्या टोकाला किंवा एखाद्या तारेला कचऱ्याचा पुंजका अडकलेला दिसला, तर तो झाडण्यापूर्वी नीट पाहावे. सालींचे तुकडे, वाळकी पाने, कोळिष्टके, अळ्यांची विष्ठा असे वाटेल ते बाहेरून चिकटविलेली ती एक थैली असते. तिला बाजूने दार असते, आणि दारावर पावसाची झड लागू नये म्हणून लहानशी पडवीही असते. विणीच्या दिवसांत नर निळ्या-जांभळ्या मखमलीसारखा झळकतो. घरटे बांधण्याचे काम मात्र साध्या रंगाच्या मादीकडे. दयाळ भिंतीतील भोक किंवा झाडाची ढोली पसंत करतो. आपल्या चिमणीलाही कौलांखालची सांद आणि भिंतीवरील तसबिरीमागची फट लागते. सपाट काँक्रीटच्या घरांत अशा फटी राहिल्या नाहीत, म्हणून कित्येक ठिकाणी लोक लाकडी पेट्या टांगून तिची सोय करतात. २०१० सालापासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो.

आता एका अशा पाखराविषयी सांगतो, की जे घरटे मुळीच बांधत नाही. कोकिळेच्या गोड गळ्याची स्तुती आपण सर्व जण करतो. पण ‘कुहू कुहू’ असे गाणारा पक्षी काळाभोर नर असतो. मादी अंगाने ठिपकेदार, करड्या-तपकिरी रंगाची. ती ‘किक् किक्’ असा तीव्र आवाज काढते. नर कावळ्यांच्या घरट्याजवळ जाऊन ओरडतो. चिडलेले कावळे त्याच्या पाठीस लागतात, आणि तेवढ्या अवधीत मादी त्यांच्या घरट्यात आपले अंडे घालून मोकळी होते. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यासारखेच ठिपकेदार, आकाराने थोडे लहान, आणि उबण्यास दिवसही कमी लागणारे. साहजिकच पाहुण्याचे पिल्लू आधी बाहेर येते आणि आधी खायला मागते. कावळा इतका धूर्त, आणि तो येथे कसा फसतो, याचे नवल वाटते. पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ असे सांगणारा पावश्याही याच पंथातला. त्याची पिल्ले सातभाई वाढवितात.

घराजवळच्या घरट्यांकडे नुसते पाहत राहण्याने केवढे ज्ञान हाती येते, याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली (१८९६–१९८७) हे १९३० साली अलिबागजवळील किहीम या गावी राहत होते. त्या वेळी त्यांना नोकरी नव्हती. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी तिचे चिकाटीने निरीक्षण केले. ‘सुगरण’ हे नाव स्त्रीचे. म्हणून ती सुबक, लोंबती घरटी मादीच विणत असली पाहिजे, असा आपला सहज समज होतो. वस्तुतः विणकर असतो तो नर. तो घरटे अर्धेच विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पारखतात; पसंत पडले तर मादी तेथे राहते, आणि नर उरलेले काम, ती लांब नळीही, पुरे करतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. सालीम अलींना याहून नवी गोष्ट दिसली ती अशी, की पहिली मादी अंडी उबवू लागली की तोच नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीला बोलावतो. १९३१ साली त्यांनी हे निरीक्षण मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था आजही पक्ष्यांच्या अभ्यासाचे मोठे केंद्र आहे.

हे वाचून तुम्हांला उद्याच परसात शोध घ्यावासा वाटेल. तो अवश्य घ्या. परंतु पाहणाऱ्याचे कुतूहलच घरट्याच्या जिवावर उठते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. कावळा अतिशय चौकस. माणसे एकाच झुडपाशी पुनःपुन्हा वाकून पाहतात, हे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ती गेली की तो जाऊन पाहतो. फांदी वाकविली, आड येणारी पाने तोडली, की घरट्यावर ऊन येते आणि वरून ते उघडे पडते. कोवळी पिल्ले उन्हात तासाभरानेही दगावू शकतात. अलीकडे मोबाईलवर छायाचित्र घेण्याच्या हौसेपायी हे प्रकार वाढले आहेत. छायाचित्र दुरून, आडोशाला उभे राहून घ्यावे. ते चांगले आले नाही, तर न आले. घरटे बांधणे चालू असताना किंवा अंडी नुकतीच घातलेली असताना पाखरे विशेष बुजरी असतात आणि त्रास झाल्यास जागा सोडून जातात. त्या दिवसांत तर अधिकच दूर राहिले पाहिजे. पाखरू हातचा घास चोचीतच धरून फांदीवर ओरडत बसले आणि घरट्याकडे जाईना, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. अंडी फोडणे किंवा घरटी विसकटणे यांची गणना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच केलेली आहे.

खाली पडलेले पिल्लू सापडले तर काय करावे, हा प्रश्न मुले मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर पिल्लाकडे पाहून द्यावे लागते. अंगावर पिसे आहेत, डोळे टकमक करीत आहेत, ते टुणटुण उड्या मारीत आहे, तर ते पडलेले नसून घरट्यातून आपण होऊन निघालेले आहे. आईबाप जवळपासच असतात. ते मांजरीच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावे, मांजर घरात कोंडावी, आणि आपण दूर व्हावे. घरी आणून दूधभात भरविणाऱ्यांच्या हातून अशी पिल्ले बहुधा मरतात. दूध हे पाखरांचे अन्नच नव्हे. पिल्लू उघडेवाघडे, डोळे मिटलेले असेल, तर घरटे शोधून त्यात अलगद ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही. तिला पिल्लू ओळखू येते ते त्याच्या उघड्या चोचीवरून आणि आवाजावरून.

पाहुण्यांची थोडी सोय करावयाची असल्यास खर्च फारसा नाही. मातीच्या उथळ परळात रोज ताजे पाणी, एखादा कोपरा न कातरलेला, भाजीवर विषारी फवारा नाही, एवढ्याने काम भागते. कापूस आणि काथ्या कुंपणावर अडकवून ठेवला तर तो उचललेला तुम्हांला दिसेलही. पतंगाचा नायलॉनचा मांजा आणि प्लॅस्टिकचे दोरे मात्र वेचून जाळ्यांपासून दूर टाकावेत. पाखरे तेही घरट्यात विणतात, आणि वाढत्या पिल्लाचा पाय त्यात अडकला की तो सुटत नाही.

लिंबावरचे ते दुसरे घरटे पुढे श्रावणाच्या सरींत सैल होऊन खाली पडले. नातीने ते वर्तमानपत्रावर ठेवून एकेक काडी सुटी केली आणि वहीच्या शेवटच्या पानावर यादी लिहिली: शेवग्याच्या काटक्या, गवताच्या मुळ्या, काथ्या, कोळिष्टक, सुगडाला बांधलेल्या सुताचा एक तुकडा, आणि तिच्या स्वतःच्या वेणीतले दोन लांब केस.